मारक टी पेशीला दुसऱ्या पेशीच्या आतले कसे कळते?

अंतर्बाह्य (धागालेखक)

रोगप्रतिकारशक्तीवरच्या बहुतेक चर्चा प्रतिपिंडांपाशी (अँटीबॉडींपाशी) येऊन थांबतात. प्रतिपिंडांचे प्रमाण रक्ताच्या तपासणीत मोजता येते, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. परंतु प्रतिपिंडे रक्तात आणि ऊतींमधल्या द्रवात वावरतात. विषाणू एकदा पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती तयार करून घेऊ लागला, की तो त्यांच्या आवाक्याबाहेर जातो. अशा वेळी बाधित पेशीच नष्ट करणे हा उपाय उरतो आणि ते काम मुख्यतः मारक टी पेशी, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, करतात. शेजारच्या निरोगी पेशीला धक्का न लावता त्या नेमकी बाधित पेशी निवडतात. मारक टी पेशीचा संबंध फक्त समोरच्या पेशीच्या पृष्ठभागाशी येतो, मग त्या पृष्ठभागाच्या आत काय घडते आहे याचा पत्ता तिला कसा लागतो, एवढाच प्रश्न या धाग्यात तपशिलाने मांडायचा आहे.

उत्तराची पहिली कडी कॅनबेरा येथे हाती आली. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या जॉन कर्टिन स्कूल ऑफ मेडिकल रिसर्च या संस्थेत रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी हे दोघे उंदरांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या एका विषाणूवर काम करीत होते. विषाणूची बाधा झालेल्या उंदरातून त्यांनी टी पेशी काढल्या आणि काचपात्रात त्या बाधित पेशींबरोबर ठेवल्या. बाधित पेशींमध्ये आधीच किरणोत्सारी क्रोमियम भरलेले असे. पेशी मेली की ते बाहेरच्या द्रवात उतरते, आणि द्रवातील किरणोत्सार मोजून किती पेशी मारल्या गेल्या हे कळते. टी पेशींनी आपल्याच वंशाच्या उंदराच्या बाधित पेशी मारल्या, यात नवल नव्हते. मात्र दुसऱ्या वंशाच्या उंदराच्या पेशींमध्ये तोच विषाणू असूनही त्यांना त्यांनी हात लावला नाही. दोन वंशांमध्ये निर्णायक फरक होता तो एमएचसी या जनुकसमूहाचा. ही जनुके पेशीच्या पृष्ठभागावर उभे राहणारे एमएचसी रेणू घडवतात. तोपर्यंत हा जनुकसमूह मुख्यतः त्वचेचे किंवा अवयवाचे रोपण शरीर का नाकारते या संदर्भात माहीत होता, आणि असल्या नकारासाठी निसर्गाने जनुके का राखून ठेवावीत याचे समाधानकारक उत्तर कोणाकडे नव्हते. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांसाठी दोघांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

टी पेशी विषाणूबरोबर स्वतःच्या शरीराची खूणही पाहते, हे यातून सिद्ध झाले. परंतु ती दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ग्राहींनी (खूण ओळखून धरणाऱ्या पृष्ठभागावरच्या रेणूंनी) पाहते की एकाच ग्राहीने, यावर दहा वर्षांहून अधिक काळ वाद चालला. तो सुटण्यास दोन शोध कारणीभूत ठरले. ऑक्सफर्डमध्ये अ‍ॅलन टाउनसेंड आणि त्यांचे सहकारी इन्फ्लुएन्झा विषाणूवर काम करीत होते. या विषाणूचे न्यूक्लिओप्रोटीन हे प्रथिन विषाणूच्या गाभ्यात असते. तरीही मारक टी पेशी त्याला ओळखत होत्या. १९८६ साली त्यांनी दाखवले, की संपूर्ण प्रथिनाची गरजच नाही. त्याचा प्रयोगशाळेत तयार केलेला काही अमिनो आम्लांचा छोटा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, निरोगी पेशींवर सोडले तरी टी पेशी त्या पेशींना बाधित समजून मारतात.

पुढच्याच वर्षी पामेला बियॉर्कमन, डॉन वायली, जॅक स्ट्रॉमिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी एमएचसी रेणूची, एचएलए-ए२ ची (माणसातल्या एमएचसीला एचएलए म्हणतात), क्ष-किरणांच्या साह्याने मिळवलेली त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. दोन बांधांमधून पाट जावा तशी त्या रेणूच्या माथ्यावर एक खोबण होती. तिचा तळ आठ सपाट पट्ट्यांनी बनलेला होता, तर दोन्ही कडांना सर्पिल रचना होत्या. त्या खोबणीत रेणूचा भाग नसलेले आणखी काहीतरी अडकलेले क्ष-किरणांच्या आकृतीत दिसत होते. ती शुद्धीकरणातही सुटून न गेलेली, निरनिराळ्या पेप्टाइडांची सरमिसळ होती. विज्ञानात एवढे बोलके चित्र क्वचित मिळते. या रेणूचे काम काय असावे, हे त्याच्या आकारानेच सांगून टाकले.

या सगळ्यातून निघणारी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मारक टी पेशी विषाणूला ओळखत नाही आणि विषाणूच्या अखंड प्रथिनालाही ओळखत नाही. ती स्वतःच्या शरीराचा एमएचसी रेणू आणि त्याच्या खोबणीत बसलेला परका तुकडा यांची जोडी ओळखते. जोडीतला कोणताही एक घटक बदलला की ओळख पुसली जाते. हे ध्यानात ठेवले तर पुढचे कितीतरी प्रश्न, म्हणजे अवयवरोपणातील अडचणी, विषाणूंच्या पळवाटा आणि कर्करोगावरील नव्या उपचारांच्या मर्यादा, एकाच धाग्यात ओवता येतात. शंका आणि भर या दोन्हींचे स्वागत आहे.

चौकस

मांडणी स्पष्ट आहे. एक मूलभूत शंका आहे. बाधित पेशी विषाणूचे तुकडे खोबणीत बसवून दाखवते, असे आपण म्हणता. परंतु कोणते प्रथिन विषाणूचे आणि कोणते आपले, हे त्या पेशीला आधी कळल्याशिवाय ती नेमके विषाणूचेच तुकडे कसे दाखवणार? आणि तिला ते कळतच असेल, तर टी पेशीची गरज काय?

अंतर्बाह्य

चौकस, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे, की पेशी निवड करीतच नाही. ती आपल्यात तयार होणाऱ्या प्रथिनांचे नमुने सरसकट, सतत दाखवत असते. बाधा असो वा नसो. एका पेशीच्या पृष्ठभागावर वर्ग १ चे, म्हणजे वरच्या एचएलए-ए२ सारखे, एमएचसी रेणू लाखाच्या घरात असू शकतात आणि त्यांच्या खोबणींत हजारो प्रकारची पेप्टाइडे असतात. निरोगी पेशीवर ही सारी आपल्याच प्रथिनांची असतात. विषाणू आला की त्याची प्रथिनेही पेशीच्या त्याच रायबोसोमांवर, म्हणजे प्रथिने जुळवणाऱ्या कणांवर, तयार होतात, त्याच मार्गाने तोडली जातात आणि त्या गर्दीत काही परके तुकडे दिसू लागतात. आपले आणि परके यांतला निवाडा करण्याचे काम सर्वस्वी टी पेशीकडे आहे.

मार्ग थोडक्यात असा आहे. पेशीद्रवात प्रोटिअसोम नावाची नळीसारखी संरचना असते. निकामी ठरलेली, युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावलेली प्रथिने तिच्यात शिरतात आणि तुकडे होऊन बाहेर पडतात. बहुतेक तुकडे पुढे सुट्या अमिनो आम्लांपर्यंत मोडले जातात, पण काही थोड्यांना टॅप नावाचा वाहक रेणू आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्याच्या, आत ओढून घेतो. तिथे नुकताच तयार झालेला वर्ग १ चा रेणू बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या आपल्या जोडीदारासह टॅपला खेटून उभा असतो. टॅपासिन हे प्रथिन त्याला तिथे धरून ठेवते आणि त्याची खोबण पेप्टाइड स्वीकारण्याजोगी ठेवते. तुकडा लांब असेल तर जालिकेतील एक विकर (एन्झाइम) त्याचे एक टोक कातरते. तुकडा घट्ट बसला की संपूर्ण रेणू स्थिर होतो, गॉल्जी पिंडातून पृष्ठभागाकडे निघतो आणि पटलावर जाऊन उभा राहतो. योग्य पेप्टाइड मिळाले नाही तर तो बहुधा आतच अडवला जातो. ही अट फार मोलाची आहे, कारण पृष्ठभागावर रिकाम्या खोबणी उघड्या राहिल्या असत्या, तर शेजारच्या मेलेल्या पेशीतून सांडलेले विषाणूचे तुकडे त्यांत बसले असते आणि निरोगी पेशींना नाहक मरावे लागले असते.

नीरक्षीर

धागालेखकांच्या उत्तरात दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट खोबणीच्या निवडीची. पेशी प्रथिनांची निवड करीत नसली, तरी खोबण तुकड्यांची निवड निश्चितच करते. वर्ग १ च्या खोबणीची दोन्ही टोके बंद असतात, म्हणून तिच्यात साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचे, बहुतेक वेळा ९ चे, पेप्टाइड बसते. शिवाय खोबणीच्या तळाशी लहान खळगे असतात आणि पेप्टाइडातील ठराविक स्थानांवरची अमिनो आम्ले त्यांत रुतावी लागतात. १९९१ साली हान्स-गेओर्ग रामेन्से यांच्या गटाने खोबणींतून पेप्टाइडे सोडवून त्यांचा क्रम वाचला, तेव्हा प्रत्येक एमएचसी प्रकाराची स्वतःची आवड असल्याचे दिसले. उदाहरणार्थ, एचएलए-ए२ ला दुसऱ्या स्थानी ल्युसिन किंवा मेथिओनिन आणि शेवटच्या स्थानी व्हॅलिन किंवा ल्युसिन मानवते. मधली अमिनो आम्ले मात्र बरीच मोकळी असतात, वर उचललेली असतात, आणि टी पेशीचा ग्राही मुख्यतः त्यांनाच चाचपतो. त्यामुळे एकाच विषाणूच्या प्रथिनांतून दोन माणसांच्या पेशी वेगवेगळे तुकडे दाखवतात.

दुसरी गोष्ट वेळेची. अनेक प्रथिने पेशीत दिवसच्या दिवस टिकतात. त्यांनी म्हातारे होऊन प्रोटिअसोमात जाण्याची वाट पाहावी लागली असती, तर विषाणूची पुढची पिढी बाहेर पडून गेली असती. प्रत्यक्षात बाधा झाल्यावर काही तासांतच विषाणूचे तुकडे पृष्ठभागावर दिसू लागतात. जोनाथन युडेल यांनी १९९६ साली यावर असे सुचवले, की तयार होतानाच सदोष निघालेली, नीट घडी न बसलेली प्रथिने ताबडतोब तोडली जातात आणि दाखवल्या जाणाऱ्या पेप्टाइडांचा मोठा वाटा त्यांच्यापासून येतो. हा वाटा नेमका किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझ्या मते वाट्याचे प्रमाण काहीही ठरो, जुन्या साठ्यापेक्षा ताज्या उत्पादनाला झुकते माप मिळते ही गोष्ट मात्र प्रयोगांनी चांगली पक्की केली आहे.

पाऊलवाट

दोन्ही प्रतिसाद वाचून अधिकच गुंता वाटू लागला आहे. पृष्ठभागावर लाखभर रेणू, त्यांत बहुतेक आपलेच तुकडे, आणि त्यांत विषाणूचे मोजके. टी पेशी ते मोजके शोधते कसे? आणि जर तिची नजर इतकी तीक्ष्ण असेल, तर आपल्याच तुकड्यांवर चुकून उलटत कशी नाही?

नीरक्षीर

पाऊलवाट, या विषयातला सर्वांत सुंदर भाग तुमच्या पहिल्या प्रश्नात आहे, म्हणून त्याच्यावर जरा रेंगाळतो.

टी पेशीच्या पृष्ठभागावर हजारो ग्राही असतात आणि एका पेशीवरचे जवळजवळ सगळे ग्राही एकसारखे असतात. ग्राही दोन साखळ्यांचा असतो. त्याच्या टोकाला सहा वळसे असतात. त्यांतले काही एमएचसी रेणूच्या कडांवर टेकतात आणि सर्वांत अधिक विविधता असलेले दोन वळसे मधोमध पेप्टाइडावर येतात. १९९६ साली हे मीलन स्फटिकरचनेत प्रत्यक्ष पाहता आले, आणि ग्राही खोबणीवर तिरका बसतो हेही दिसले. याच वेळी सीडी८ हा सहग्राही एमएचसी रेणूच्या खालच्या, सर्वांमध्ये जवळपास सारख्या असलेल्या भागाला धरतो आणि लक नावाचे विकर ग्राहीच्या जवळ आणून ठेवतो. वर्ग १ च्या रेणूंशी नाते जोडणाऱ्या मारक टी पेशींना सीडी८ टी पेशी म्हणतात ते यामुळेच.

आता अपेक्षा अशी असते, की ही पकड फार घट्ट असेल. ती तशी नसते. प्रतिपिंडाच्या तुलनेत टी पेशीच्या ग्राहीची पकड कितीतरी सैल असते आणि योग्य पेप्टाइडाशी झालेला बंधही बहुधा काही सेकंदांत सुटतो. अयोग्य पेप्टाइडाशी झालेला बंध त्याहून लवकर सुटतो. एवढ्याशा फरकावर जीवन-मरणाचा निर्णय कसा घ्यायचा? टिमथी मॅककिथन यांनी १९९५ साली यासाठी जॉन हॉपफिल्ड यांची १९७४ मधली एक कल्पना वापरली. हॉपफिल्ड यांनी ती प्रथिननिर्मितीसारख्या प्रक्रियांमधील अचूकता समजावून देण्यासाठी मांडली होती. ग्राही बांधला गेला की लगेच इशारा जात नाही. आतल्या बाजूला फॉस्फेट चढवण्याच्या अनेक पायऱ्या एकामागून एक पार पडाव्या लागतात. पूर्ण साखळी होण्याआधी बंध सुटला, तर केलेले काम पुसले जाते आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात होते. अशा रचनेत बंधाच्या आयुष्यातला छोटा फरक प्रत्येक पायरीवर गुणत जातो आणि शेवटी प्रचंड फरक होऊन बाहेर येतो. याच कारणाने, आपल्या पेप्टाइडांच्या गर्दीत योग्य पेप्टाइड असलेले दहाहून कमी रेणूसुद्धा मारक टी पेशीला पुरेसे ठरू शकतात.

पुढची कृती वेगवान असते. दोन पेशींमधली जागा घट्ट मिटते, टी पेशीतील कणिका त्या जागेकडे सरकतात, आणि त्यांतून परफोरिन व ग्रँझाइम ही प्रथिने नेमकी त्या एका पेशीकडे सोडली जातात. परफोरिन पटलाला छिद्रे पाडते, ग्रँझाइम आत जाऊन पेशीचा स्वतःचाच मृत्युक्रम सुरू करतात. टी पेशी सुटी होऊन पुढच्या पेशीकडे जाते.

अंतर्बाह्य

पाऊलवाट यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थायमस ग्रंथीत आहे. टी पेशीच्या ग्राहीची जनुके तुकड्यांच्या यदृच्छ जोडणीने तयार होतात, त्यामुळे कोणता ग्राही निघेल हे आधी ठरलेले नसते. थायमसमध्ये प्रत्येक नवख्या पेशीची दुहेरी परीक्षा होते. स्वतःच्या एमएचसी रेणूंना जिचा ग्राही अजिबात दाद देत नाही, ती पेशी निरुपयोगी म्हणून मरते. स्वतःच्या एमएचसी आणि स्वतःच्या पेप्टाइडांना जी फार जोराने धरते, ती धोकादायक म्हणून बहुधा नष्ट केली जाते. मधल्या पट्ट्यातल्या थोड्याच पेशी बाहेर पडतात. एअर नावाचे एक जनुक थायमसमधील काही पेशींना इन्सुलिनसारखी, एरवी दुसऱ्याच अवयवात बनणारी प्रथिने तयार करायला लावते, त्यामुळे दूरच्या अवयवांचे नमुनेही या परीक्षेत येतात. झिंकरनागेल आणि डोहर्टी यांना जे दिसले त्याचे मूळही इथेच आहे: बाहेर पडणाऱ्या टी पेशी स्वतःच्याच एमएचसीवर पारखून निवडलेल्या असतात.

परंतु ही परीक्षा निर्दोष नाही, आणि ती तशी असूही शकत नाही. जगात शक्य असलेली पेप्टाइडे असंख्य आणि शरीरातल्या टी पेशी मर्यादित, म्हणून प्रत्येक ग्राहीला अनेक पेप्टाइडे ओळखता यावीच लागतात. एका मानवी ग्राहीची तपासणी केली असता तो दहा लाखांहून अधिक वेगवेगळ्या पेप्टाइडांना प्रतिसाद देऊ शकतो, असे २०१२ साली दाखवले गेले. या उदारतेचा धोका किती खरा आहे हे पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका उपचाराच्या वृत्तांतातून कळले. कर्करोगाच्या पेशींवर दिसणाऱ्या मेज-ए३ या प्रथिनाच्या पेप्टाइडासाठी एक ग्राही निवडला गेला, त्याची पकड प्रयोगशाळेत मुद्दाम घट्ट करण्यात आली आणि तो बसवलेल्या टी पेशी दोन रुग्णांना देण्यात आल्या. दोघेही काही दिवसांत हृदय निकामी होऊन दगावले. हृदयाच्या स्नायूंमधील टायटिन या प्रथिनाचे एक पेप्टाइड त्याच एचएलए-ए१ खोबणीत बसते आणि मेज-ए३ च्या पेप्टाइडाशी त्याची नऊपैकी पाच अमिनो आम्ले जुळतात. आधीच्या चाचण्यांत हे उमगले नव्हते. नेहमीच्या पद्धतीने वाढवलेल्या हृदयपेशींनी धोका दाखवला नाही. मूलपेशींपासून तयार केलेल्या, स्पंदन पावणाऱ्या हृदयपेशींवर प्रयोग केला तेव्हाच त्या मारल्या गेल्या. थायमसमधून गेलेल्या नैसर्गिक ग्राहीची सैल पकड ही उणीव नसून सुरक्षेची अट आहे, हे या घटनेइतके कठोरपणे दुसऱ्या कशानेच शिकवले नाही. त्या दोन रुग्णांनंतर अशा प्रत्येक ग्राहीची तपासणी आपल्या साऱ्या प्रथिनांमधल्या मिळत्याजुळत्या पेप्टाइडांविरुद्ध करण्यावर भर दिला जाऊ लागला, आणि ते योग्यच झाले.

सूक्ष्मदर्शी

एवढी यंत्रणा असताना विषाणू टिकतात कसे, हे विचारल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. वर सांगितलेल्या मार्गावरची जवळजवळ प्रत्येक पायरी कोणत्या ना कोणत्या विषाणूने अडवली आहे. हर्पिस सिम्प्लेक्सचे एक छोटे प्रथिन टॅप वाहकाला पेशीद्रवाच्या बाजूने बुजवते. सायटोमेगॅलो विषाणूचे एक प्रथिन त्याच वाहकाला आतल्या बाजूने थांबवते, तर त्याचीच आणखी दोन प्रथिने नवे एमएचसी रेणू जालिकेतून बाहेर ओढून प्रोटिअसोमाच्या स्वाधीन करतात. अ‍ॅडिनो विषाणू तयार रेणूंना जालिकेतच रोखून धरतो. एचआयव्हीचे नेफ प्रथिन एचएलए-ए आणि एचएलए-बी यांना पृष्ठभागावरून हटवते. इतक्या परस्परांशी संबंध नसलेल्या विषाणूंनी एकाच यंत्रणेवर घाव घालावा, हाच त्या यंत्रणेच्या सामर्थ्याचा मला सर्वांत मोठा पुरावा वाटतो.

चौकस

मग विषाणूला सर्वांत सोपे म्हणजे वर्ग १ चे सगळे रेणू काढून टाकणे. तसे का होत नाही?

सूक्ष्मदर्शी

कारण त्या रेणूंच्या अनुपस्थितीवरही पहारा आहे. क्लास कॅरे आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली उंदरांत दाखवले, की वर्ग १ चे रेणू गमावलेल्या कर्करोगपेशींना नैसर्गिक मारक पेशी, म्हणजे एनके पेशी, अधिक सहजपणे नष्ट करतात. एनके पेशींवर असे ग्राही असतात, की समोर वर्ग १ चा रेणू सापडला तर ते पेशीला आवरतात. तो सापडला नाही तर लगाम सुटतो. अर्थात समोरच्या पेशीकडून चेतवणारी खूणही मिळावी लागते, केवळ अनुपस्थिती नेहमी पुरत नाही.

इथे एक तपशील सांगण्याचा मोह आवरत नाही. एचएलए-ई नावाचा एक रेणू आहे. तो मुख्यतः इतर वर्ग १ रेणूंच्या सुरुवातीच्या टोकाचे तुकडे खोबणीत दाखवतो. म्हणजे पृष्ठभागावर एचएलए-ई दिसला, की इतर वर्ग १ रेणूंचे उत्पादन सुरळीत आहे असे एनके पेशी समजते. सायटोमेगॅलो विषाणू इतर रेणू नष्ट करतो आणि त्याच वेळी स्वतःच्या एका प्रथिनातून हुबेहूब तसाच तुकडा एचएलए-ईला पुरवतो, तोही टॅपची गरज न लागणाऱ्या वाटेने. त्यामुळे टी पेशीला काही दिसत नाही आणि एनके पेशीला सर्व ठीक दिसते. असे असूनही निरोगी माणसात हा विषाणू सहसा दबून राहतो, आणि त्याच्याविरुद्धच्या टी पेशींचा साठा मोठा असतो. याचे एक कारण पुढच्या प्रश्नात आहे: टी पेशीला पहिले शिक्षण बाधित पेशीकडून मिळत नाही.

पाऊलवाट

तोच प्रश्न मी विचारणार होतो. बाधित पेशी फुफ्फुसात किंवा यकृतात असते. कधीही विषाणू न पाहिलेली टी पेशी लसिकाग्रंथींत फिरत असते. त्यांची गाठ कोण घालून देते?

अंतर्बाह्य

डेंड्रायटिक पेशी. त्या ऊतींमध्ये मेलेल्या पेशींचे अवशेष गिळतात, लसिकाग्रंथीत येतात आणि गिळलेल्या प्रथिनांचे तुकडे वर्ग १ च्या खोबणीत दाखवतात. नेहमीच्या नियमाप्रमाणे बाहेरून गिळलेले प्रथिन वर्ग २ च्या, म्हणजे एमएचसीच्याच दुसऱ्या प्रकारच्या, रेणूंवर आणि आत तयार झालेले वर्ग १ वर दिसायला हवे. या पेशी ती सीमा ओलांडतात. मायकल बेव्हन यांनी १९७६ साली या घटनेचा पहिला पुरावा दिला. सायटोमेगॅलो विषाणूने बाधित पेशीत कितीही अडथळे उभारले, तरी स्वतः बाधित नसलेल्या डेंड्रायटिक पेशीत त्याचे काही चालत नाही. नवख्या टी पेशीला पेप्टाइडाच्या ओळखीबरोबर डेंड्रायटिक पेशीकडून दुजोऱ्याची खूण लागते. एकदा सज्ज झालेल्या मारक पेशीला मात्र लक्ष्य मारण्यासाठी केवळ ओळख पुरते.

मंद्रसप्तक

लाल रक्तपेशींना केंद्रक नसते. त्यांच्यावर वर्ग १ चे रेणू असतात का? मलेरियाचा परजीवी तर त्यांच्यातच राहतो.

नीरक्षीर

परिपक्व लाल पेशीत प्रथिने तयार करण्याची यंत्रणा उरलेली नसते आणि तिच्यावर वर्ग १ चे रेणू नगण्य असतात. म्हणून तिच्यातला परजीवी मारक टी पेशींना या मार्गाने जवळजवळ अदृश्य राहतो. मात्र रक्तात उतरण्यापूर्वी तो काही दिवस यकृताच्या पेशींत वाढतो आणि तिथे वर्ग १ चे रेणू असतात. किरणांनी दुबळे केलेले परजीवी टोचून उंदरांना मिळणारे संरक्षण मोठ्या प्रमाणावर याच टप्प्यावर सीडी८ टी पेशींनी केलेल्या हल्ल्यावर अवलंबून असते. अडचण ही, की बाधित यकृतपेशी फार थोड्या असतात आणि मुदत काही दिवसांचीच असते.

मंद्रसप्तक

धन्यवाद. आणखी एक विचारतो. माणसामाणसांत एचएलए वेगळे असतात, त्याचा प्रत्यक्ष आजारावर परिणाम दिसतो का?

सूक्ष्मदर्शी

दिसतो, आणि एकाच प्रकारात दोन टोकांचे परिणाम दिसतात. एचएलए-बी ५७ असलेल्या लोकांमध्ये एचआयव्हीची वाढ सरासरीने मंद राहते. या खोबणीला विषाणूच्या गाभ्यातील प्रथिनाचे असे भाग मानवतात, की ते बदलले तर विषाणूच दुबळा होतो. याच कुळातील एचएलए-बी ५७:०१ असलेल्यांना एचआयव्हीवरचेच अबाकाविर हे औषध दिले, तर त्यांच्यातील अनेकांना तीव्र, प्रसंगी जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येते. २०१२ साली तिचे कारण उलगडले. औषधाचा रेणू खोबणीच्या एका खळग्यात जाऊन बसतो आणि खोबणीची आवड बदलते. परिणामी, एरवी कधीही न दाखवली गेलेली आपलीच पेप्टाइडे तिच्यात बसू लागतात. थायमसमध्ये ही जोडी कधी परीक्षेला आलेली नसल्याने टी पेशी तिला परकी मानतात. आता हे औषध देण्यापूर्वी एचएलए तपासणी केली जाते. धागालेखकांनी आरंभी मांडलेल्या जोडीच्या मुद्द्याला याहून नेमके उदाहरण मला तरी माहीत नाही: विषाणूचा तुकडा नाही, आपले प्रथिनही बदललेले नाही, फक्त खोबण किंचित बदलली.

चौकस

शेवटची शंका कर्करोगाबद्दल. कार-टी पेशींविषयी बरेच वाचायला मिळते. त्या याच मार्गाने ओळख पटवतात का? आणि कर्करोगपेशीने वर्ग १ चे रेणूच टाकून दिले तर?

अंतर्बाह्य

कार-टी पेशी हा मार्ग वापरत नाहीत. त्यांच्यावर बसवलेला कृत्रिम ग्राही प्रतिपिंडाच्या टोकापासून तयार केलेला असतो, म्हणून तो पृष्ठभागावरचे अखंड प्रथिन थेट धरतो. त्याला एमएचसी लागत नाही, त्यामुळे रुग्णाचा एचएलए प्रकार कोणता हे पाहावे लागत नाही आणि वर्ग १ चे रेणू गमावलेली कर्करोगपेशीही त्याच्या कक्षेत राहते. याची किंमत अशी, की पेशीच्या आतल्या प्रथिनांबाबत तो पूर्णतः आंधळा असतो, आणि कर्करोग घडवणारे अनेक बदल आतल्याच प्रथिनांत असतात.

आतल्या बदलांपर्यंत पोहोचायचे तर पेप्टाइड आणि एमएचसी यांच्या जोडीकडेच यावे लागते. २०२२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले टेबेंटाफस्प हे औषध डोळ्यातील मेलॅनोमाच्या पेशींवरची अशी जोडी टी पेशीच्या सुट्या, घट्ट पकडीच्या ग्राहीने धरते आणि दुसऱ्या टोकाने जवळून जाणाऱ्या कोणत्याही टी पेशीला तिथे खेचून आणते. परंतु ते फक्त एचएलए-ए ०२:०१ असलेल्या रुग्णांना देता येते. इतरांच्या खोबणीत ती जोडीच तयार होत नाही.

वर्ग १ चे रेणू टाकून देणाऱ्या कर्करोगपेशींचा प्रश्न काल्पनिक नाही. टी पेशींवरचा लगाम काढणाऱ्या उपचारांना आधी चांगला प्रतिसाद देऊन नंतर रोग उलटलेल्या काही रुग्णांच्या गाठींत बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनचे जनुक निकामी झालेले आढळले. हा जोडीदार नसेल तर वर्ग १ चा कोणताच रेणू नीट पृष्ठभागावर येत नाही आणि सीडी८ टी पेशीला ओळखण्यासाठी काही उरत नाही. अशा गाठींवर एनके पेशींना किंवा एमएचसीवर अवलंबून नसलेल्या ग्राहींना वळवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. ज्या गाठींत जनुके शाबूत असून केवळ त्यांचे काम मंदावलेले असते, तिथे इंटरफेरॉन गॅमा या संदेशवाहक प्रथिनाच्या प्रभावाने वर्ग १ चे रेणू पुन्हा वाढवता येतात. म्हणून उपचार ठरवताना गाठीतील ही यंत्रणा मोडली आहे की मंदावली आहे, हे आधी तपासून घेणे मला अत्यावश्यक वाटते.